जिवंत झरा आणि पोहणारी मुले

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सवातील व्याख्यानात मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीविषयी बोलावे, असा संकेत आहे. तो आढावा आपल्या कार्यवाहांनी कालच सविस्तर घेतला. त्यामुळे मला आज थोड्या वेगळ्या विषयाकडे वळण्याची मुभा मिळाली आहे. माझा विषय आहे पाणी. त्यातही जमिनीतून आपण होऊन वर येणारे पाणी, आणि उन्हाच्या दिवसांत त्या पाण्याकडे ओढ घेणारी मुले. पुरानी बस्तीत राहणाऱ्या माणसाला हा विषय परका नाही. आपल्या शाळेच्या दारातून बाहेर पडून कोणत्याही दिशेने चालू लागले, तरी थोड्याच वेळात एखादे तळे लागते. महाराजबंध, कंकाली, खो-खो, बंधवा आणि जवळच पसरलेला बूढा तालाब ही नावे आपल्या मुलांना बाराखडीच्या आधी पाठ होतात. परंतु नाव पाठ असणे वेगळे आणि ओळख असणे वेगळे. ही ओळख पुसट होत चालली आहे, आणि तिच्याबरोबर आणखीही काही हातचे जात आहे, असे मला वाटते. त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

निमित्त आहे गेल्या एप्रिलमधील आपल्या आठवी-नववीच्या सहलीचे. आपण तुरतुरियाला गेलो होतो. रायपूरपासून सुमारे ८५ किलोमीटरवर, बलौदाबाजार जिल्ह्यात, बारनवापाराच्या जंगलालगत हे ठिकाण आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी तेथे खडकातील अरुंद वाटेने वाहत येते आणि गोमुखातून कुंडात पडते. खडकातून येताना त्या पाण्याचा 'तुर-तुर' असा आवाज होतो. त्यावरूनच स्थळाला तुरतुरिया हे नाव पडले, असे सांगतात. येथे वाल्मीकींचा आश्रम होता आणि लव-कुशांचा जन्म येथेच झाला, अशी या भागातील श्रद्धा आहे. परिसरात जुन्या मूर्ती आणि शिल्पखंड आहेत. पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. येथील पूजाअर्चेचे काम स्त्रियांकडे असण्याची जुनी परंपरा आहे. ती गोष्ट आमच्या मुलींना विशेष आवडली.

मराठीची विद्यार्थिनी म्हणून मला तेथे एक योगायोग आठवला. समर्थांच्या 'दासबोधा'तील सोळाव्या दशकाचा पहिला समास वाल्मीकींच्या स्तवनाचा आहे आणि चौथा समास पाण्याविषयीचा, म्हणजे 'आपनिरूपणा'चा आहे. ऋषीचा आश्रम आणि पाण्याची धार यांचे सान्निध्य आपल्या परंपरेला नवे नाही. त्याच 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद पंडित माधवराव सप्रे यांनी केला. त्या मराठी माणसाचे नाव लाभलेली शाळा आजही बूढा तालाबाजवळ उभी आहे. ज्ञान असो वा पाणी, ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, हे पाहण्याची सवय असावी, म्हणून हा उल्लेख केला.

त्या दिवशी पारा ४३ अंशांवर होता. बसमधून उतरल्यावर दगडावर पाय ठेववत नव्हता. मुलांनी धारेखाली हात धरले आणि एकदमच मागे घेतले, इतके ते पाणी गार वाटले. तेव्हा नववीतील एका मुलाने विचारले, "बाई, दगड एवढा तापला आहे, मग दगडातून येणारे पाणी गार कसे?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर मी तेथेच थोडक्यात दिले होते. आज ते जरा विस्ताराने देते.

सूर्याचे ऊन जमिनीला तापवते, पण फार खोलवर पोहोचत नाही. काही मीटर खाली गेले की उन्हाळा आणि हिवाळा यांतील अंतर जवळजवळ मिटते आणि तापमान वर्षभर स्थिर राहते. ते साधारणपणे त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी तापमानाइतके असते. रायपूरच्या परिसरात ही सरासरी सुमारे २६-२७ अंश आहे. म्हणून बाहेर ४३ अंश असताना झऱ्याचे पाणी बर्फासारखे वाटते, आणि जानेवारीच्या पहाटे, बाहेर १२ अंश असताना, तेच पाणी कोमट लागते. आपल्या आजीच्या माहेरची विहीर 'हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात गार' असे, हे आपण ऐकले आहे. विहीर बदलत नव्हती. बदलत होती ती बाहेरची हवा.

दुसरा प्रश्न असा की, महिनोन्‌महिने पाऊस नसताना हे पाणी येते कोठून? ते पावसाचेच असते. या भागात वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यातील काही पाणी वाहून जाते, काही वाफ होऊन उडते आणि काही जमिनीत मुरते. हे मुरलेले पाणी मुरमाच्या थरातून, खडकाच्या भेगांतून अतिशय सावकाश खाली-खाली सरकते. वाटेत न मुरू देणारा थर लागला की ते आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या कुशीत किंवा खोलगट भागात जेथे वाट सापडेल तेथे बाहेर पडते. ज्येष्ठात आपण ज्या धारेखाली डोके धरतो, ती गेल्या श्रावणातील सर असते. कधी-कधी त्याही आधीची. आपल्या रायपूर शहराखाली चुनखडीचा प्राचीन खडक आहे. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, तिच्यात भेगा रुंदावतात, पोकळ्या तयार होतात. त्या पोकळ्यांतून पाणी सहज फिरते. याचा लाभ असा की पाणी लवकर सापडते, आणि धोका असा की वर टाकलेली घाणही तितक्याच लवकर खाली पोहोचते.

मराठी भाषेने हे सारे फार पूर्वी जाणले आहे. ज्या विहिरीला आतून पाणी येते, तिला आपण 'जिवंत झरे' आहेत असे म्हणतो. आतून दाटून आलेल्या भावनेला 'उमाळा' म्हणतो आणि जमिनीतून उसळणाऱ्या पाण्यालाही उमाळाच म्हणतो. कठोर मनाला 'पाझर फुटतो'. आणि 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हण तर प्रत्येक शिक्षकाने भिंतीवर लावावी अशी आहे. छत्तीसगडी बोलीतही ही श्रीमंती आहे. ओढ्याच्या वाळूत किंवा शेताच्या कडेला लहानसा खड्डा करून झिरपणारे पाणी ज्यात गोळा होते, ती 'झिरिया'. तळे म्हणजे 'तरिया'. तळ्याच्या पायऱ्या म्हणजे 'पचरी'. आपली मुले घरी मराठी बोलतात आणि गल्लीत छत्तीसगडी; त्यामुळे पाण्याला त्यांच्याकडे दुप्पट शब्द आहेत. ते त्यांनी सोडू नयेत.

माझे माहेर बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे. तेथून लोणार जवळ. उल्कापाताने झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे, आणि त्याच विवराच्या कडेला गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे त्या धारेखाली तासन्‌तास उभी राहत असू. खाली पाहावे तो खारट, हिरवट पाणी, आणि डोक्यावर अमृतासारखी गोड धार. एकाच खळग्यात दोन स्वभावांची पाणी कशी नांदतात, याचे आश्चर्य तेव्हा वाटे. पुढे कळले की खालचे पाणी साठते आणि आटते, म्हणून क्षार मागे राहून खारे होते. वरचे पाणी सतत नवे येते, म्हणून गोड राहते. साठलेल्याला वाट नसेल तर ते खारते, ही गोष्ट मला पुढे शिक्षिका झाल्यावर अनेकदा उपयोगी पडली.

कोकणात राजापूरची गंगा आहे. ती वर्षानुवर्षे गुप्त राहते आणि एके दिवशी १४ कुंडांतून अवतरते. गोव्यात नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळासमोर बुडबुड्यांची तळी आहे. मराठी मुलुखात जेथे-जेथे जमिनीतून पाणी वर आले, तेथे आपल्या पूर्वजांनी दगडी कुंड बांधले, शेजारी देव बसवला आणि स्नानाची वाट मोकळी ठेवली. देव बसवल्याने घाण करणाऱ्याचा हात थबके, आणि स्नानाची वाट मोकळी असल्याने लोकांचे पाण्याशी नाते राही. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या होत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता आपल्या पुरानी बस्तीकडे येऊ. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडावर आला आणि त्यानंतरच्या काळात आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज इकडे आले. कोणी कारकुनीसाठी आले, कोणी वकिलीसाठी, कोणी पौरोहित्यासाठी, तर कोणी शिक्षक म्हणून. त्यांनी येथे देवळे बांधली, ग्रंथालये काढली, शाळा काढल्या. परंतु येथील जुनी तळी ते येण्यापूर्वीची आहेत. ती खोदणारे हात दुसऱ्यांचे होते. रतनपूर, मल्हार, खरौद अशा जुन्या गावांविषयी छत्तीसगडी लोक 'सहा कोडी आणि वर सहा', म्हणजे १२६ तळ्यांचे गाव, असे अभिमानाने सांगतात. वर्ध्याला जन्मलेले अनुपम मिश्र यांनी १९९३ साली 'आज भी खरे हैं तालाब' हे पुस्तक लिहून भारतभरच्या अशा तळ्यांची आणि ती बांधणाऱ्या अनाम कारागिरांची ओळख करून दिली. आपल्या ग्रंथालयात ते आहे. नववी-दहावीच्या मुलांनी ते अवश्य वाचावे.

या तळ्यांपैकी कंकाली तालाबाची आख्यायिका आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. नागा साधूंनी हे तळे खोदवले आणि मधोमध महादेवाचे लहानसे मंदिर बांधले. पुढे एके दिवशी तळातून अशी धार फुटली की तळे काठोकाठ भरले आणि मंदिर पाण्याखाली गेले, असे जुने लोक सांगतात. दसऱ्याला एकच दिवस उघडणारा कंकाली मठ आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. या तळ्याची कथा त्याच परंपरेतील. आख्यायिकेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी तिच्यातील निरीक्षण उरते. खोदताना एखादी भेग मोकळी झाली आणि भूगर्भातील पाणी वेगाने वर आले, हे चुनखडीच्या प्रदेशात अगदी संभवनीय आहे. लोकांनी पाहिले आणि कथेच्या रूपाने जपून ठेवले. आपल्या वस्तीत, बाजाराच्या गजबजाटात, एक जिवंत झरा आहे, ही आठवण त्या कथेने राखली.

बूढा तालाबाचा इतिहास आपण जाणताच. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढे जगाला माहीत झालेले स्वामी विवेकानंद, वडिलांच्या कामानिमित्त रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षे बूढापाऱ्यात राहिला. येथे त्याच्या शिक्षणाला योग्य शाळा नव्हती. त्याला वडिलांनीच घरी शिकवले. तो या तळ्यात पोहत असे, असे रायपूरकर आवर्जून सांगतात. आज त्या सरोवराला त्यांचे नाव आहे आणि मधोमध त्यांचा भव्य पुतळा बसलेला आहे. मी वर्गात गमतीने म्हणते की, शाळा नव्हती तरी तळे होते, म्हणून त्या मुलाचे फार अडले नाही.

गंमत सोडून द्या; पण तळे ही खरोखरच एक शाळा होती. आपण कधी पचरीकडे नीट पाहिले आहे का? पायऱ्या एकेक करून पाण्यात उतरतात. पहिल्या पायरीवर लहान मूल बसते, पाय भिजवते. दुसरीवर आई कपडे धुते. चौथीवर दहा वर्षांचा मुलगा गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहतो आणि वरच्या पायरीला धरून पाय मारायला शिकतो. मोठा भाऊ त्याच्या पोटाखाली हात धरतो आणि एक दिवस नकळत काढून घेतो. महाराष्ट्रातील खेड्यांत पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मुलाला विहिरीत सोडत, तसे येथे त्याची गरजही पडत नसे. तळे बांधणाऱ्याने मुले पाण्यात उतरणार, हे गृहीत धरूनच पायरी घातली होती. भोवती नेहमी चार मोठी माणसे असत. कोणाचे मूल आहे, हे न पाहता ती ओरडत, आणि वेळ आली तर उडी मारत.

ही शाळा आता बंद होत आली आहे. राजबंधा तालाब बुजला. आज तेथे आपण राजबंधा मैदान म्हणतो आणि नावातील बांध कोठे गेला, हे विचारीत नाही. उरलेल्यांपैकी काहींना कठडे आले, रोषणाई आली; काहींत गटारांचे पाणी आले. पाण्याकडे पाहण्यासाठी बाके आहेत. पाण्यात उतरण्याची इच्छा व्हावी असे पाणी मात्र क्वचितच आहे. परंतु ऊन कमी झालेले नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पाणी हवेच असते. मग ती मुले सायकली काढून शहराबाहेरच्या सोडून दिलेल्या खदानींकडे जातात.

येथे मला एक दुःखद गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आपल्या नववीतील एक विद्यार्थी अशाच एका खदानीत बुडाला. त्याचे नाव मी घेणार नाही; त्याचे काही वर्गमित्र आज या सभागृहात आहेत, त्यांना ते आठवतच असेल. पाणी वरून निळे, स्वच्छ आणि शांत होते. काठावरून एक पाऊल पुढे पडले आणि पायाखाली जमीन नव्हती. बरोबरच्या चौघांपैकी कोणालाही पोहता येत नव्हते. एकाने हात दिला, तोही आत ओढला गेला. सुदैवाने शेळ्या राखणाऱ्या एका माणसाने काठी पुढे केली म्हणून दुसरा वाचला. त्या मुलाच्या आईने तेराव्यानंतर त्याचे दप्तर शाळेत आणून दिले आणि म्हणाली, "पुस्तके कोणा गरजू मुलाला द्या." ती पुस्तके आपण दिली. दप्तर अजून माझ्या कपाटात आहे.

तळे आणि खदान यांतील फरक मला त्या दिवशी कळला. दोन्ही माणसांनीच खोदलेली. परंतु तळे खोदणाऱ्याला पाणी हवे होते, आणि पाण्याकडे येणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे होता. म्हणून उतार आहे, पायरी आहे, वड-पिंपळ आहे. खदान खोदणाऱ्याला दगड हवा होता. दगड नेला आणि खड्डा मागे राहिला. त्याला उतार नाही, पायरी नाही, कोणी पाहणारे नाही. आपण मुलांसाठी तळी बंद केली आणि खदानी उघड्या ठेवल्या, असा याचा हिशेब होतो.

या घटनेचा परिणाम व्हायचा तोच झाला. तुरतुरियाच्या सहलीपूर्वी आपण पालकांकडून संमतिपत्रे मागवली. त्यांतील अनेकांवर खाली हाताने लिहिले होते, 'पाल्यास पाण्यात उतरू देऊ नये.' मुलींच्या संमतिपत्रांवर तर ही ओळ जवळजवळ सर्वत्र होती. पालकांचा शब्द शाळेने पाळला. मुलगे आळीपाळीने धारेखाली गेले. बहुतेक मुली काठावर ओंजळीने पाणी तोंडावर मारीत बसल्या. त्यांच्या बरोबर आलेल्या आपल्या शाळेच्या मदतनीस मावशी मात्र साडीचा पदर खोचून सरळ धारेखाली जाऊन उभ्या राहिल्या. त्या महानदीकाठच्या खेड्यातल्या. त्यांना नदी पोहून पार करता येते. आमच्या मुली त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती नजर मी विसरू शकत नाही. त्या नजरेत असूया होती आणि प्रश्नही होता. ज्या ठिकाणी पूजेचा मान स्त्रियांकडे आहे, तेथे आमच्या मुली पाण्याला स्पर्श करताना कचरत होत्या.

पालकहो, मी आपल्याला दोष देत नाही. ज्याने एक दप्तर परत आलेले पाहिले आहे, त्याला भीतीची किंमत कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावतात. ही संख्या लहान नाही. परंतु भीतीने मूल पाण्यापासून दूर राहत नाही. ते फक्त आपल्या नजरेपासून दूर जाते. पोहणे न येणारे मूल सुरक्षित असते, हा समज त्या खदानीने खोटा ठरवला आहे. आणि मुलीला तर पूर, नाव, ओढा, विहीर यांपैकी काहीही चुकणार नाही; तिला पोहता येणे ही हौस नव्हे, ते तिचे संरक्षण आहे. शालेय वयाच्या मुलांना पोहणे, पाण्यातील सावधगिरी आणि सुरक्षित बचाव शिकवावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. २५ जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने बुडण्याच्या प्रतिबंधासाठी नेमलेला आहे. आपल्या शाळेच्या दिनदर्शिकेत यंदापासून तो समाविष्ट झाला आहे.

या हीरक महोत्सवी वर्षात शाळेने तीन गोष्टी हाती घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट पोहण्याची. सातवी उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला किमान पंचवीस मीटर पोहता यावे आणि पाण्यावर स्थिर तरंगता यावे. शहरात जलतरण तलाव आहेत, प्रशिक्षक आहेत. मुलींसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक मिळू शकतात. खर्चासाठी माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे. त्याबरोबर प्रत्येक मुलाला एक वाक्य तोंडपाठ असावे: बुडणाऱ्याला हात देऊ नका, काठी द्या, दोर द्या, ओढणी द्या आणि मोठ्याने हाका मारा. त्या शेळ्या राखणाऱ्या माणसाला हे वाक्य कोणी शिकवले नव्हते, पण ते त्याला ठाऊक होते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उगमाची. झरा वाचवायचा तर झऱ्यापाशी काही करून भागत नाही. तो जेथे मुरतो तेथे जावे लागते. सिक्कीममध्ये आटत चाललेले झरे पुन्हा वाहते करण्यासाठी २००८ पासून 'धारा विकास' नावाचा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या ॲक्वाडॅम या भूजलतज्ज्ञांच्या संस्थेने त्यात मार्गदर्शन केले. खडकाचे थर कोणीकडे कलले आहेत, हे पाहून डोंगराच्या वरच्या अंगाला नेमक्या जागी चर खोदले, पाऊस अडवला, आणि खालच्या धारा पुन्हा वाढल्या. आपल्याकडे डोंगर नाही, पण छप्पर आहे. नववीच्या मुलांनी हा हिशेब करून पाहावा: छपराचे क्षेत्रफळ ५०० चौरस मीटर धरले आणि पाऊस १२०० मिलिमीटर, तर वर्षाला ६ लाख लिटर पाणी होते. आज ते गटारात जाते. ते स्वच्छ गाळून जमिनीत मुरवले, तर आपल्या वस्तीच्या पोटातील पाण्यात आपलीही थोडी भर पडेल. गाळून, हा शब्द महत्त्वाचा आहे. चुनखडीची पोकळी घाण अडवीत नाही, हे मघाशी सांगितलेच.

तिसरी गोष्ट ओळखीची. आपल्या परिसरातील प्रत्येक तळ्याची एक वही शाळेत असावी. पाणी कोणत्या महिन्यात किती पायऱ्या खाली जाते, कोणती नाली त्यात येते, काठावर कोणती झाडे आहेत, जुने लोक काय सांगतात, हे मुलांनी दर महिन्याला लिहावे. साठ वर्षांपूर्वी शाळा सुरू झाली तेव्हा अशी वही ठेवली गेली असती, तर आज तिचे मोल आपल्या सुवर्णपदकांहून अधिक झाले असते. शंभराव्या वर्षी आपल्या नातवंडांना ती मिळावी.

पोहता येणारे मूल पाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. त्याला पाणी अंगावर अनुभवलेले असते. त्यात कोणी घाण टाकली तर ते त्याला स्वतःच्या अंगावर टाकल्यासारखे वाटते. तळ्यांविषयी आपण निवेदने देतो, सभा घेतो, ते करावेच. परंतु ज्या पिढीने तळ्यात पाय भिजवले नाहीत, ती तळ्यासाठी फार काळ भांडणार नाही.

नव्या सत्रात संमतिपत्राचा नवा नमुना आपल्या घरी येईल. त्यात खाली हाताने लिहिण्यासाठी नेहमीप्रमाणे दोन ओळी कोऱ्या असतील. आपण काय लिहावे, हे मी सांगणार नाही. लिहिण्यापूर्वी मुलीला एकदा विचारावे, एवढीच विनंती आहे.